दत्तकाचा खर्च: पावतीवरचा आणि पावतीबाहेरचा

चोपडा तालुक्यातील एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पती 42 वर्षांचे असून सहा एकरांत केळी आणि कापूस घेतात. पत्नी 37 वर्षांच्या असून एका पतसंस्थेत महिना 12,000 रुपये पगारावर लिपिक आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली, उपचारांत पुष्कळ पैसा गेला आणि आता दोघांनी दत्तकाचा निर्णय घेतला आहे. सरकारी मार्गाने एकूण किती खर्च येतो, दत्तक देणाऱ्या संस्थेला पैसे देणे म्हणजे मूल विकत घेणे नव्हे का, शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर मूल मिळेल का, असे त्यांना विचारायचे आहे. त्यातच ओळखीच्या एका माणसाने सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील अविवाहित मुलीचे बाळ पुढच्या महिन्यात जन्मताच दोन लाखांत "थेट हातात" देतो असे सांगितले आहे. आणि घरातले म्हणतात की बाहेरचे कशाला, धाकट्या भावाचे तिसरे पोर ओटीत घ्या.

गेली बावीस वर्षे मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दत्तक समुपदेशनाचे व गृहभेटींचे काम करते आहे. खर्चाविषयीचा प्रश्न लोक मला नेहमी सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली घेऊन विचारतात, जणू पैशाचा विषय काढला तर आपली माया कमी ठरेल. तुम्ही तो पहिल्याच ओळीत विचारला, हे मला आवडले. म्हणून उत्तरही आकड्यांनीच सुरू करते.

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ज्याला आपण सगळे "कारा" म्हणतो त्याच्या, 2022 च्या दत्तक नियमावलीत शुल्काचे परिशिष्ट दिलेले आहे. भारतात राहणाऱ्या दांपत्यासाठी गृह अध्ययन अहवालाचे, म्हणजे तुमच्या घरी भेट देऊन केलेल्या पाहणीचे, 6,000 रुपये, मूल घेताना बाल संगोपन निधीचे 50,000 रुपये, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी होणाऱ्या पाठपुरावा भेटींचे प्रत्येकी 2,000 रुपये, असे ते दर आहेत. भेटी चार होतात, म्हणजे 8,000. सगळे मिळून 64,000 रुपये. ही रक्कम एकदम द्यावी लागत नाही. गृहभेटीच्या वेळी पहिला टप्पा, मूल प्रत्यक्ष ताब्यात घेताना दुसरा, आणि उरलेले पुढच्या दोन वर्षांत. मुलगा असो वा मुलगी, दर तोच. गोरे असो वा सावळे, दर तोच. प्रत्येक रकमेची पावती संस्थेच्या नावाने मिळायला हवी, आणि पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर काराच्या पोर्टलवर स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा, कारण असे दर अधूनमधून बदलतात. 2022 पूर्वी बाल संगोपन निधी 40,000 रुपये होता.

मूल विकत घेतल्यासारखे होत नाही का, ही तुमच्या मनातली टोचणी मी अनेक घरांत ऐकली आहे. हा निधी ज्या मुलाला तुम्ही घरी आणता त्याचा मोबदला नाही. शिशुगृहात एका वेळी जी मुले असतात त्यांतील सगळीच दत्तक जात नाहीत. काही आजारी असतात, काहींच्या पालकांचा शोध चालू असतो, काही दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त होण्याची वाट पाहत असतात. त्या सगळ्यांचे दूध, औषधे, रात्रपाळीच्या आयांचे पगार आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांसाठी हा पैसा आहे. सरकारी अनुदान असते, परंतु रात्री दोन वाजता ताप चढलेल्या तान्ह्याला खाजगी दवाखान्यात नेताना अनुदानाचा हप्ता आला आहे की नाही हे कोणी पाहत नाही. शिवाय विक्रीत किंमत मालावर ठरते. इथे ती मुलाकडे न पाहता आधीच छापून ठेवलेली आहे.

यापलीकडे संस्थेने "इमारत निधी", "ऐच्छिक देणगी" अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले, तर ते देऊ नयेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवावे. मूल समोर पाळण्यात असताना माणूस काहीही द्यायला तयार होतो, आणि ही गोष्ट मागणाऱ्यालाही ठाऊक असते. दत्तक आदेशासाठीचा अर्ज संस्थाच दाखल करते, त्यामुळे वेगळा वकील लावण्याची गरज सहसा पडत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या 2021 च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. तुमचे प्रकरण प्रत्यक्षात कोणापुढे जाईल हे संस्थेला विचारून घ्या, पण त्यामुळे तुमचा खर्च बदलत नाही.

आता पावतीबाहेरचा खर्च. याविषयी मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः यात चुकले होते. पारोळ्याकडच्या एका जोडप्याला मी फक्त शुल्काचे आकडे सांगितले. त्यांनी तेवढेच पैसे जमवले, आनंदाने नऊ महिन्यांची मुलगी घरी आणली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. त्या बाईंनी माझ्यासमोर हातातल्या पाटल्या सोडवल्या तेव्हा मला कळले की मी अर्धेच उत्तर दिले होते.

पहिला खर्च कागदपत्रांचा. तो थोडा आहे, पण शेतकरी कुटुंबांना दमवतो. पॅन, आधार, उत्पन्नाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, दोघांच्या आरोग्याची प्रमाणपत्रे आणि ओळख देणाऱ्या दोन व्यक्तींची पत्रे लागतात. तुमच्या वयाच्या पुष्कळ जोडप्यांची विवाहनोंदणीच झालेली नसते, ती आधी ग्रामपंचायतीत करून घ्या. तुम्ही आयकर विवरण भरत नसाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा उतारा जोडावा. सेवा केंद्राचे शुल्क, दोघांच्या रक्ततपासण्या आणि चोपडा ते जळगाव अशा चार-पाच फेऱ्या धरून माझ्या अनुभवात हे काम साधारण पाच हजारांत आटोपते.

उत्पन्नाची किमान मर्यादा नियमावलीत कोठेही आकड्यात लिहिलेली नाही. पालक आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत एवढेच म्हटले आहे. गृहभेटीला येणारी सामाजिक कार्यकर्ती घरातील फरशी मोजायला येत नाही. मी स्वतः भेटीला जाते तेव्हा कर्जाचा बोजा किती, तो लपवला जातो का, घरात आजारपण आले तर पैसा कोठून येईल, आणि या प्रश्नाचे उत्तर पती-पत्नी एकच देतात का, एवढेच पाहते. सहा एकर बागायत आणि एक नियमित पगार असलेल्या घराला केवळ पैशाच्या कारणावरून नकार मिळालेला मला आठवत नाही. सोसायटीचे पीककर्ज असेल तर ते सांगा. पीककर्ज नसलेला शेतकरी मी तरी अजून पाहिलेला नाही.

दुसरा खर्च प्रवासाचा, आणि तो तुम्ही नोंदणीच्या वेळी दिलेल्या राज्यांच्या पसंतीवर अवलंबून असतो. पसंती महाराष्ट्रापुरती ठेवली तर फेऱ्या स्वस्त पडतात. दूरची राज्येही निवडली तर भुसावळहून हावडा मार्गाची गाडी धरून ओडिशा किंवा झारखंडपर्यंत जाण्याची तयारी हवी. एकदा मूल पाहायला, एकदा आणायला, आणि क्वचित आदेशाच्या कामासाठी तिसऱ्यांदा. परतताना मांडीवर मूल असते, त्यामुळे जाताना जनरलच्या डब्यात उभे राहणारी माणसेही येताना वातानुकूलित डब्याचे तिकीट काढतात, आणि ते योग्यच आहे. राहणे, खाणे धरून यासाठी पंचवीस हजार बाजूला ठेवावेत.

तिसरा खर्च तपासण्यांचा आहे. पोर्टलवर मुलाच्या माहितीबरोबर बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो, आणि तो तुमच्या विश्वासातील बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याचा तुम्हाला हक्क आहे. हवे असल्यास मुलाची तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घेता येते. मूल घरी आल्यावर रक्ताल्पता, थायरॉइड, सिकलसेल, श्रवणक्षमता आणि दृष्टी यांची तपासणी पुन्हा करावी, असे मी प्रत्येक पालकाला सांगते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे नाव मुद्दाम घेते, कारण नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो आढळतो, आणि वेळेत कळला तर मुलाची काळजी नीट घेता येते. दहा हजारांत हे होते. यातील बरेच सरकारी रुग्णालयात त्याहून कमी खर्चात होते. पहिल्या वर्षातल्या आजारपणासाठी आणखी तीस हजार वेगळे ठेवा. शिशुगृहातून आलेली मुले पहिल्या पावसाळ्यात वारंवार आजारी पडतात. यात तुमचे काही चुकत नाही. जागा बदलते, पाणी बदलते, माणसे बदलतात.

चौथा खर्च कोणी मोजतच नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे आईचा बुडालेला पगार. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना, दोनांपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, एक वर्षाच्या आतील मूल दत्तक घेतल्यावर 180 दिवसांची रजा मिळते, आणि पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची. खाजगी नोकरीतील बाईंचे गणित वेगळे आहे. तेव्हाच्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने दत्तक मातेला 12 आठवडे रजा दिली, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असावे अशी अट घातली. सोडून दिलेल्या तान्ह्या मुलाला कायदेशीररीत्या मुक्त ठरवण्यासाठीच कायद्याने दोन महिन्यांपर्यंतचा अवधी दिला आहे, मग तुमची भेट, मग ताबा. तीन महिन्यांच्या आत मूल घरी येणार कधी? म्हणून तुम्ही तुमच्या पतसंस्थेला आजच लेखी विचारा की सध्याच्या नियमाप्रमाणे किती रजा मिळेल आणि पगारी की बिनपगारी. उत्तर काहीही येवो, सहा महिने घरी राहण्याची तजवीज करा. 12,000 रुपयांप्रमाणे ते 72,000 होतात. मुलाला पहिल्या सहा महिन्यांत रोज तोच चेहरा दिसला पाहिजे. पाळणाघराचा विचार नंतर करता येईल.

या बेरजेत मी बारसे धरलेले नाही. आपल्याकडे इतक्या वर्षांनी पाळणा हलला की अख्ख्या गावाला भरीत-पुरीचे जेवण घालण्याची हौस येते, आणि त्या एका दिवशी कायदेशीर शुल्काच्या दुप्पट पैसा जातो. हौस करू नका असे म्हणणारी मी कोण? पण सहा महिने थांबा. नुकतेच आलेले मूल चारशे अनोळखी माणसांच्या हातांतून फिरले की रात्रभर किंचाळते.

आता बेरीज करा. शुल्क 64,000, कागदपत्रे 5,000, प्रवास 25,000, तपासण्या 10,000, आजारपण 30,000 आणि बुडालेला पगार 72,000. एकूण 2,06,000. शुल्क सोडले तर बाकीचे आकडे माझ्या अनुभवावरचे अंदाज आहेत, ते थोडे मागे-पुढे होतील. पण पाहा, तुमच्या त्या ओळखीच्या माणसाने जेवढे मागितले, जवळजवळ तेवढ्याच पैशात तुम्ही मूल, त्याचे कायदेशीर पालकत्व, तुमच्या नावाचा जन्मदाखला, पहिल्या वर्षाची औषधे आणि सहा महिने घरी राहणारी आई एवढे सगळे मिळवता. त्या दोन लाखांत यातले काहीच येत नाही. हे सगळे खर्च त्यानंतर वेगळे करावेच लागतील, आणि मूल मात्र कधीही परत घेतले जाऊ शकेल.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 80 प्रमाणे, ठरलेली पद्धत डावलून अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी स्वाधीन केलेले मूल दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कलम 81 मुलाच्या खरेदी-विक्रीचे आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि गुन्हा करणारा मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेला, म्हणजे दवाखान्यातील कर्मचारी वगैरे असेल, तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे. यात घेणाराही आरोपी असतो हे लोकांच्या ध्यानात येत नाही. अशा मार्गाने मूल घेतलेले एक जोडपे माझ्याकडे आले होते. एका खाजगी प्रसूतिगृहात बाळ याच बाईंना झाले अशी नोंद करून दिली होती. पैसे देऊन दोन वर्षे झाली तरी मध्यस्थ दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणखी मागत होता, आणि पोलिसांत जायचे तर यांचेच नाव आधी लागणार होते. मूल शाळेत जाऊ लागले तरी आईच्या मनात धाकधूक कायम होती.

भावाच्या मुलाविषयी. नात्यातील दत्तक कायदेशीर आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956 प्रमाणे मूल पंधरा वर्षांच्या आतील व अविवाहित असावे लागते, तुमची व वहिनींसह दोन्ही बाजूंची संमती लागते, आणि मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेले पाहिजे. दत्तकपत्र नोंदवून घेतले की कायदा ते दत्तक वैध झाल्याचे गृहीत धरतो. मुद्रांक, नोंदणी आणि लेखनाचा खर्च फार नाही. परंतु याच कायद्याच्या कलम 17 ने दत्तकाच्या बदल्यात कोणतीही रक्कम किंवा बक्षीस देण्या-घेण्यास बंदी केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. "पोर देतो, बांधाकडची दोन एकर माझ्या नावावर कर" हे वाक्य मी ओट्यावर बसून माझ्या कानांनी ऐकले आहे. ते याच कलमात बसते. आणि खर्चाचाच विचार करायचा तर या मार्गाचा खरा खर्च पुढे येतो. मूल त्याच वाड्यात वाढते, दहाव्या वर्षी त्याला कळते की चुलत भावंडे ही सख्खी आहेत, आणि एखाद्या भांडणात "माझे पोर परत दे" हे शब्द निघतात. सगळीकडे असे होते असे नाही. तुमच्या वहिनींशी त्या एकट्या असताना बोला. त्यांनी मन मारून होकार दिला असेल तर हा विषय तिथेच थांबवा.

राहिली वाट पाहण्याची गोष्ट. दोन वर्षांच्या आतील निरोगी मुलासाठी तीन ते चार वर्षे थांबण्याची मनाची तयारी ठेवा. ज्येष्ठता नोंदणीच्या दिवसापासून धरतात आणि या वयाच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही. तुमची आज 79 आहे, त्यामुळे नोंदणीला उशीर करू नका. उपचार अजून एकदा करून पाहायचे असतील तरी नोंदणी आड येत नाही. एकाच वेळी दोन्ही चालू शकते. थोडे मोठे, चार-पाच वर्षांचे मूल स्वीकारण्याची तयारी असेल तर वाट कमी होते. विशेष गरजा असलेल्या मुलाचा विचार कराल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि पुढील उपचार मिळतात, आणि मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच आहे.

वाट पाहण्याचा काळ पैशाच्या दृष्टीने तुमच्या सोयीचा आहे, पण एक अडचण सांगते. केळीचा पैसा कटाईला येतो, कापसाचा दिवाळीनंतर. मुलाची माहिती पोर्टलवर कोणत्या महिन्यात येईल हे मात्र कोणी सांगू शकत नाही. ती आल्यापासून 48 तासांत पोर्टलवर ते मूल आपल्यासाठी राखून ठेवावे लागते आणि 30 दिवसांत संस्थेत जाऊन होकार कळवावा लागतो. जूनमधल्या वादळाने बाग आडवी पडलेली असताना फोन आला तर? यावलच्या एका शेतकऱ्यावर ही वेळ आली होती आणि त्यांनी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. म्हणून बाईंच्या पगारातून महिना 5,000 रुपयांचे आवर्ती खाते याच महिन्यात उघडा. साडेतीन वर्षांत ते दोन लाख दहा हजारांच्या पुढे जाते. ते खाते खत, ठिबक किंवा भाचीच्या लग्नासाठी मोडायचे नाही असे दोघांत ठरवून टाका.

त्या मध्यस्थाला नाही म्हणाल, तेव्हा एक काम आणखी करा. ती मुलगी खरोखर असेल तर पुढच्या महिन्यात तिचे बाळंतपण आहे, आणि तिच्याभोवती सध्या फक्त तो माणूस आहे. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर गावाचे नाव सांगा. तुमचे नाव देण्याची सक्ती नाही. तिला मूल ठेवायचे नसेल तर बालकल्याण समितीपुढे ती ते स्वाधीन करू शकते. त्यासाठी तिला एक पैसा लागत नाही, तिची ओळख गुप्त राहते, आणि सही केल्यावरही निर्णय फिरवायला तिच्या हातात 60 दिवस असतात.